बरणीवरची रेघ

सहादेव पाटकऱ्यानं तीस वर्षं कालव्याच्या पाटावर लोकांचं पाणी मोजलं, आणि एकाहत्तर सालच्या माघात त्याचं स्वतःचं पाणी मोजायची वेळ आली. तीही काचेच्या बरणीत.

पुणतांब्याहून सकाळच्या गाडीनं त्याला नगरच्या दवाखान्यात आणला तेव्हा त्याला आडवं होता येत नव्हतं. डब्यातल्या बाकावर ताठ बसून, तोंड उघडं टाकून, तो श्वास नुसता ओढत होता. पाय इतके सुजलेले की वहाणा चढेनात. त्या त्याचा मुलगा गोरक्षनाथ हातात धरून बसला होता. आणि मनकर्णा, त्याची बायको, दर स्टेशनाला खिडकीतून बाहेर बघत होती. नगर किती लांब असतं ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

डॉक्टर तरुण होता. बोलायची त्याला भारी घाई, पण माणूस मनानं चांगला. सुया टोचून, नाकाला नळी लावून सहादेवाचा दम जरा बसवल्यावर त्यानं मनकर्णेला बाजूला घेतलं.

"मावशी, यांचं हृदय दमलंय. त्याला रक्त जोरानं ढकलता येत नाही. मग मूत्रपिंडांना पुरेसं रक्त पोचत नाही आणि ती लघवी करायची थांबतात. लघवी थांबली की पाणी अंगातच साठतं, पायात, पोटात, छातीत. छातीत साठलं की दम लागतो, आणि दमानं हृदय आणखी दमतं. हे चक्र तोडायचंय आपल्याला."

मनकर्णेच्या डोक्यावरून सगळं गेलं. तिनं आपली मान हलवली. शहाण्या माणसासमोर मान हलवलेली बरी असते. पण खाटेवरून सहादेवाचा खोल गेलेला आवाज आला.

"टेलला पानी पोचत न्हाई, आसं म्हना की."

डॉक्टरला ते कळेना. मग मनकर्णेनंच त्याला सांगितलं, की पाटाला वरून जोर कमी पडला की पहिला उपाशी राहतो तो टेलचा, म्हणजे अगदी शेवटचा शेतकरी. वरच्यांची वावरं भिजतात आणि त्याच्या चारीत नुसता फुफाटा. डॉक्टर हसला. म्हणाला, "बरोबर. मूत्रपिंडं म्हणजे तुमचे टेलचे शेतकरी. ते भिजले तर मामा वाचले."

उपाय ठरले. हृदयाला जोर यावा म्हणून रोज सकाळी एक बारकी पांढरी गोळी. लघवी सुटावी म्हणून इंजेक्शन. जेवण अळणी. आणि पाणी दिवसाला पाच फुलपात्रं, त्याच्या वर घोटभर नाही. खाटेखाली एक मोठी काचेची बरणी ठेवली. दिवसभराची लघवी तिच्यात ओतायची आणि सकाळी डॉक्टर बघणार. रतनबाई म्हणून तिथल्या जुन्या सिस्टर होत्या, त्यांनी बरणीवर तांबड्या पेन्सिलीनं रेघ ओढली.

"ह्या रेघेच्या वर लागोपाठ तीन दिवस गेलं की घरी," डॉक्टर म्हणाला.

सहादेवानं त्या रेघेकडं असं बघितलं, की मनकर्णेला ती नजर ओळखीची वाटली. पाटाच्या दारापाशी पट्टी असते, तिच्यावर किती फूट पाणी चाललंय ते तो असंच बघायचा.

पहिले सहा दिवस बरणीचा तळही धड झाकेना. पाय उतरेनात. आणि सहादेव पाणी मागायचा.

मनकर्णेच्या घरी दारात कुणीही येवो, वाटसरू असो नाहीतर वसुलीचा शिपाई, आधी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचा आणि मग काम विचारायचं. ती सासरी आल्यापासून यात कधी खंड पडला नव्हता. आणि आता स्वतःच्या नवऱ्याला पाणी नाही म्हणायचं!

"अर्धं फुलपात्र दे. अर्धं!"

"आता चार वाजता."

"मनकर्णे, अगं जीभ टाळ्याला चिकटलीया."

"डाक्टर काय म्हनले ते ऐकलं न्हवं तुमी?"

ती ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसायची, तर तो फडकंच चोखायचा. मग ती बाहेर व्हरांड्यात जायची आणि पदर तोंडात कोंबून रडायची. बाहेरून निवडणुकीच्या जीपगाड्या कर्णे लावून जायच्या आणि सगळ्या जगाला काय काय देऊ ते सांगायच्या. मनकर्णेला फक्त एक फुलपात्र पाणी हवं होतं.

सहादेवाचं मन मात्र पाटावर होतं. शिवरात्रीला उन्हाळी पाळीचं पाणी सुटणार होतं. नोकरीचे आठ महिने उरले होते, म्हणजे ही त्याची शेवटची उन्हाळी पाळी. कोरड्या पाटात पाणी कसं येतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. पाचोळा, फेस, किडामुंगी पुढं ढकलत ते हळूहळू येतं. बगळे त्याच्या कडेकडेनं चालतात. आणि सहादेव दरवर्षी वहाणा हातात घेऊन, पाटाच्या कोरड्या बुडातून, त्या पाण्याच्या चार पावलं पुढं मैलभर चालायचा. तसा खात्याचा काही हुकूम नव्हता. ही त्याची स्वतःची रीत.

लग्नानंतर पाचव्या वर्षी मनकर्णा त्याची भाकरी घेऊन गेली होती तेव्हा तिनं ते पाहिलं होतं. मागं वळून वळून तो पाण्याकडं बघत होता आणि हसत होता. तसा तो घरात कधी हसला नाही. तेव्हा त्या पाण्याचा तिला मत्सर वाटला आणि तो कधी गेलाच नाही. सवत असती तर भांडता तरी आलं असतं. पाळी रात्रीची असो की दिवसाची, हा आपला पाटावर. घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला. पोरं झाली, मोठी झाली, लेक सासरी गेली, आणि मनकर्णेला नवऱ्याशी नीट बसून बोलल्याचं काही आठवत नव्हतं.

खरं सांगायचं तर दवाखान्यातले हे दिवस तिला आवडत होते, आणि त्याची तिला लाज वाटत होती. दिवसभर तो तिच्यासमोर होता. तिच्या हातानं जेवत होता. पाटावरच्या गमती सांगत होता, त्याही दमादमानं. चौतीस वर्षांत जे मिळालं नाही ते तिला सुजलेल्या पायांच्या कृपेनं मिळत होतं. देवा, याला बरा कर, असं ती म्हणायची, आणि त्याला लागूनच मनात यायचं, की बरा झाला की हा पुन्हा पाटाचाच.

सातव्या दिवशी बरणी अर्धी भरली. आठव्या दिवशी रेघेला टेकली. नवव्या दिवशी रेघेच्या बोटभर वर!

डॉक्टर खूश झाला. "इंजेक्शन लागू पडलं. सूज अजून दिसतेय, पण ती मागाहून उतरेल. रक्त तपासायला पाठवलंय, त्याचा कागद सोमवारी येईल. पण आणखी दोन दिवस बरणी अशीच भरली तर शनिवारी घरी."

सहादेवानं डोळे मिटून घेतले. आणि आणखी एक नवल झालं होतं. त्यानं पाणी मागायचं सोडलं होतं. मनकर्णा वेळेवर फुलपात्र भरून द्यायची आणि तो शहाण्या मुलासारखा म्हणायचा, "ठेव तितं, घेतो सावकाश." तिला वाटलं, चला, सवय झाली.

त्याच दिवशी, उन्हं खिडकीतून कलली तेव्हा, ती त्याच्या उशाशी बसून भाकरी कुस्करत होती. तो तिच्याकडं बराच वेळ बघत राहिला.

"मनकर्णे, हळद लावलीस व्हय गं?"

"मी? ह्या वयात?"

"लई पिवळी दिसतीस. लग्नात दिसत हुतीस तशी."

मनकर्णेचा हात भाकरीतच राहिला. हे माणूस बोललं? लग्नात आपण कशा दिसत होतो हे या माणसानं पाहिलं होतं, आणि इतकी वर्षं ध्यानात ठेवलं होतं? "कायतरीच तुमचं," असं म्हणून ती तांब्या घ्यायच्या निमित्तानं उठली आणि नळापाशी गेली. बादली भरेपर्यंत पाण्यात वाकून आपलं तोंड बघत राहिली. पाणी हलत होतं, धड काही दिसत नव्हतं. तरी ती बघत होती. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोनं विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "काय न्हाई, डोळ्यात कचरा गेला."

त्या सुखाचं एक दिवसाचं आयुष्य होतं.

गुरुवारी दुपारी ती लुगडं धुऊन व्हरांड्यातून परत येत होती. दारातून तिला खाट दिसली. सहादेव अंगातला सगळा जोर गोळा करून कुशीवर वळला होता. एका हातानं त्यानं खाटेची दांडी धरली होती आणि दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेलं फुलपात्र होतं. ते त्यानं खाली नेलं आणि बरणीत ओतलं. हळूहळू ओतलं, थेंब बाहेर सांडू दिला नाही. मग रिकामं फुलपात्र वर घेऊन त्यानं जिभेनं त्याची फक्त कड ओली करून घेतली आणि डोळे मिटले.

मनकर्णा भिंतीला टेकली. तिच्या हातातल्या लुगड्याच्या पिळातून पाणी टपकत होतं.

म्हणजे बरणी भरत नव्हतीच. हा आपल्या वाट्याचं पाणी, जे मागून मागून याच्या घशाला कोरड पडली, ते न पिता तिच्यात घालत होता. इंजेक्शननं लघवी पाण्यासारखी होतेच, त्यामुळं रंगावरून कुणाला काही कळलं नव्हतं. तीस वर्षं या माणसानं कुणा बड्या बागाईतदाराला एक घटका जास्त पाणी दिलं नव्हतं. मोजमापात खोट केली नाही म्हणून त्याच्या दोनदा बदल्या झाल्या होत्या. आणि आता त्यानं आयुष्यातलं पहिलं खोटं माप दाखवलं ते स्वतःच्या जिवावर.

ती लगेच सिस्टरांकडं गेली असेल असं वाटेल. ती गेली नाही. तिला शनिवार दिसत होता. शनिवारची गाडी, पुणतांब्याचं स्टेशन, ओसरीवरची बाज, तिच्यावर तो, शेजारी ती. पाटावर काही त्याला जाता येणार नाही, एवढा जोर कुठं आहे. मग घरातच राहील. बोलेल. हळदीचं बोलला तसं आणखी काही बोलेल. ती आत आली, लुगडं वाळत घातलं आणि काही पाहिलंच नाही अशी त्याच्याजवळ बसली. रिकामं फुलपात्र तिनं स्वतः उचलून ठेवलं. हा तिचा गुन्हा तिनं पुढं कधी लपवला नाही.

शुक्रवारी पहाटेपासून सहादेवाला उलट्या सुरू झाल्या. दुधाचा घोटही पोटात ठरेना. डॉक्टर आला, त्यानं नाडी धरली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मंद आहे. अडखळतेय," तो रतनबाईंना म्हणाला. "ही हृदयाची गोळी अंगात साठली की असं होतं. अन्नावरची वासना जाते, उलट्या होतात, सगळं पिवळं दिसायला लागतं. पुढं मग जीवही जातो. पण साठेल कशी? गोळी बाहेर पडते ती मूत्रपिंडातून, आणि मूत्रपिंडं तर चांगली चाललीत." त्यानं बरणी उचलून उजेडात धरली. मग सहादेवाकडं वळला. "मामा, खरं सांगा. ही चादर कुठल्या रंगाची दिसते?"

सहादेवानं चादरीकडं बघितलंसुद्धा नाही.

"पांढरी."

"नक्की?"

"दवाखान्याची चादर पांढरीच आसती की, सायेब."

"मग पोटाचं असेल. गोळी चालू ठेवू. उद्याचं बघू," म्हणत डॉक्टर कागदावर लिहायला वाकला.

मनकर्णेच्या कानात एकच शब्द राहिला. पिवळं! म्हणजे ती हळद गोळीची होती. लग्नातली मनकर्णा त्याला कुठं दिसली नव्हती. त्याच्या डोळ्यात विष उतरलं होतं आणि ती वेडी बादलीत तोंड बघत बसली होती. डॉक्टरचं पेन चाललं होतं. गप्प बसलं तर उद्या घर आहे. आणि ते गोड बोल खरे होते असं समजून उरलेले दिवस काढताही येतील. किती उरलेत कुणास ठाऊक, दोन का चार.

"सायेब," ती म्हणाली. "खोटं बोलत्यात त्ये. त्यास्नी सगळं पिवळं दिसतंय. परवापासनं."

डॉक्टरचं पेन थांबलं.

"आन् ती बरनी बी खोटी हाय. तिच्यात निम्मं प्यायचं पानी हाय. मी काल डोळ्यानं बगितलं आन् गप बसले."

"मनकर्णे!" सहादेव ओरडला. छातीत होता नव्हता तेवढा श्वास त्यानं त्या एका हाकेला खर्च केला.

"वरडा. घरी नेऊन गपगार हून पडन्यापरीस हितं वरडलेलं बरं."

डॉक्टरनं बरणी खाली ठेवली. स्टूल ओढून तो खाटेशी बसला. त्याची सगळी घाई कुठं गेली कोण जाणे.

"मामा, एवढी तहान असताना तुम्ही पाणी ओतून दिलंत?"

सहादेव छताकडं बघत होता. "सायेब लोक पानी बगत न्हाईत. आकडा बगत्यात. तीस वर्सं हेच बगतोय मी. आकडा बरोबर आसला की सही करून जात्यात."

डॉक्टरनं चष्मा काढला आणि पुसत राहिला. "खरंय," तो म्हणाला. "पाय सुजलेले दिसत होते, आणि मी बरणी बघत होतो."

गोळी त्याच क्षणी बंद झाली. इंजेक्शन दुप्पट झालं. शनिवार आला आणि पुणतांब्याची गाडी त्यांच्यावाचून गेली.

सहादेवानं तोंड भिंतीकडं केलं ते केलं. मनकर्णेच्या हातचं पाणी घेईना. रतनबाईंनी दिलं की प्यायचा, आता मात्र सगळंच्या सगळं प्यायचा. मनकर्णा खाटेच्या पायथ्याशी बसून त्याच्या पाठीकडं बघायची. पाठ तिच्या सवयीची होती. दाराबाहेर पडताना आयुष्यभर तीच दिसली होती. मधले थोडे दिवस तेवढं तोंड दिसलं, आणि आता पुन्हा पाठ. पण ती श्वासानं खालीवर होत होती. मनकर्णा ते श्वास मोजायची आणि त्यावर समाधान मानायची. मानावंच लागतं.

शिवरात्रीला गोरक्षनाथ गावाहून आला. सुटली होती एकदाची पाळी.

"दोन फूट पानी चाललंय," त्यानं बापाला सांगितलं.

भिंतीकडून प्रश्न आला. "पान्याम्होरं कोन चाललं?"

"कोन चालनार? आपलं आपलं आलं पानी."

सहादेवाच्या खांद्याला एक हिसका बसला. मनकर्णेला पुढं होऊन त्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. तिनं ठेवला नाही, कारण तो झटकला गेला असता तर तिला सोसवलं नसतं. जिचा जन्मभर मत्सर केला ती सवत बिचारी एकटीच आली म्हणून मनकर्णेच्याच डोळ्यात पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सहादेवानं भांडं मागितलं. थोड्या वेळानं पुन्हा मागितलं. मग पुन्हा. दुपारपर्यंत रतनबाई भांडी उचलून थकल्या आणि हसायला लागल्या. संध्याकाळी त्यांनी हाक मारली, "मावशी, या बघायला!" बरणी तांबड्या रेघेच्या चार बोटं वर होती, आणि दिवसभर तिच्यावर रतनबाईंनी स्वतः नजर ठेवली होती. त्यानंतर पाय उतरायला लागले. आधी घोटे दिसले, मग पायांच्या शिरा दिसल्या. रात्री तो दहा वर्षांत झोपला नसेल तसा आडवा झोपला. रक्ताचा नवा कागद आला, तोही चांगला होता.

चौथ्या सकाळी डॉक्टर आला, त्यानं आधी पाय दाबून पाहिले, मग छाती ऐकली, आणि बरणी सगळ्यात शेवटी बघितली.

"पाटकरीमामा, दोन दिवसांनी घरी. ह्या खेपेला खरं. फक्त एक सांगा, अजून पिवळं दिसतं का? आणि चादरीचं सांगू नका, चादर पांढरी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. ह्या मावशींकडं बघून सांगा."

मनकर्णेला तिथून पळून जावंसं वाटलं. तो बरा व्हावा म्हणून तिनं काय नाही केलं, पण त्या घडीला, कुणाला सांगू नये असं तिच्या मनात आलं, की तेवढी हळद आणखी एक दिवस राहिली असती तर काय बिघडलं असतं.

सहादेव भिंतीकडून वळला. सहा दिवसांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडं बघितलं. रात्रंदिवस जागून तिचा चेहरा ओढला होता, डोक्यावरचा पदर मागं सरकला होता. तो बघतच राहिला. कपाळ बघितलं, भांग बघितला, कानामागच्या बटा बघितल्या.

"पिवळं न्हाई दिसत," तो म्हणाला.

"छान!" असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेला. सहादेवाची नजर मात्र तिच्यावरून हलली नाही.

"मनकर्णे, तुजं क्यास कवा गं पांढरं झालं?"

तिचा हात पदराकडं गेला. पण डोक्यावर पदर ओढून घ्यावा असं तिला वाटलं नाही. तिनं तो तसाच राहू दिला आणि त्याला बघू दिलं.

"तुमी पाटावर हुता तवा," ती म्हणाली.